सहाय्यकाची डॉक्टरेट

नोकरी सांभाळून, घरबसल्या, दीड-दोन वर्षांत डॉक्टरेट! आरोग्यखात्यात काम करणाऱ्यांच्या मोबाईलवर ही जाहिरात हल्ली हमखास येते. नर्सला येते, लॅब टेक्निशियनला येते, उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला येते, मोठ्या शहरात सर्जनशेजारी उभं राहणाऱ्या फिजिशियन असिस्टंटलाही येते. वर परदेशातल्या विद्यापीठाचं नाव, खाली हप्त्यांची सोय. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेसारख्या गावात ती जरा जास्तच गोड लागते. इथून विद्यापीठ गाठायचं म्हणजे एकतर नांदेडला अप-डाऊन, नाहीतर देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेस धरून नाशिक. काम घरी बसून होत असेल तर फलाटावर कोण उभं राहील?

तेव्हा व्यवहाराचं आधी बोलून घेऊ. भारतात ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्यांना भुलू नका, अशी सूचना यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी मिळून ऑक्टोबर 2022 मध्ये काढली. पुढच्याच महिन्यात यूजीसीची पीएच.डी.ची नवी नियमावली आली आणि दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येणार नाही, हे तिच्यात पुन्हा स्पष्ट झालं. त्याच नियमावलीने अर्धवेळ पीएच.डी.चा दरवाजा मात्र उघडा ठेवला आहे. त्या दरवाजाची कोणी जाहिरात करत नाही, कारण त्यातून कोणाला कमिशन मिळत नाही.

मग या जाहिरातीचं मूळ कुठलं? ते आहे अमेरिकेत, आणि तिथे तो प्रकार खोटा नाही. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी एक वर्ग सुरू केला. विद्यार्थी चार. चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले. जखमा बांधणं, सलाईन लावणं, बोटीवर डॉक्टर नसताना निर्णय घेणं हे सगळं त्यांना येत होतं. नव्हता तो नागरी जीवनात चालेल असा कागद. दोन वर्षांचं शिक्षण घेऊन त्यांच्यातल्या तिघांना डॉक्टरच्या देखरेखीखाली तपासण्याचा, उपचार करण्याचा अधिकार मिळाला आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ हा पेशा जन्माला आला. आज अमेरिकेत असे पावणेदोन लाखांहून अधिक प्रमाणित असिस्टंट आहेत. त्यांचं मूळ शिक्षण आता पदव्युत्तर पातळीचं झालं आणि त्याच्याही वर, गेल्या दहा-एक वर्षांत, ‘डॉक्टर ऑफ मेडिकल सायन्स’ ही पदवी आली. व्हर्जिनियातलं लिंचबर्ग, ए. टी. स्टिल अशी विद्यापीठं ती बहुतांशी ऑनलाइन देतात. विद्यार्थी दिवसा दवाखान्यात आणि रात्री लॅपटॉपसमोर.

ही पदवी घेतली म्हणून असिस्टंटचे उपचाराचे अधिकार तसूभरही वाढत नाहीत. शिकवायला, प्रशासनात वर चढायला तिचा उपयोग होतो. ती पीएच.डी.ही नव्हे, प्रबंधाच्या जागी बहुधा एखादा प्रकल्प असतो. अमेरिकेतल्या मराठी घरातली मुलगी ती करत असेल तर खुशाल करू दे, तिच्या नोकरीत तिला किंमत आहे. तीच पदवी पूर्णेत बसून घेतली तर नावाच्या पाटीपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही.

आपल्याकडे हा पेशा आला 1992 मध्ये, चेन्नईत. मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी त्याची सुरुवात केली. पुढची कित्येक वर्षं तो प्रामुख्याने मोठ्या खासगी रुग्णालयांत, त्यातही हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या विभागांत वाढला आणि कायद्याच्या लेखी जवळजवळ अदृश्य राहिला. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाच्या कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव परिशिष्टात घेतलं. 2025 मध्ये केंद्राने दहा आरोग्य-व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यातही ते आहे. म्हणजे या पेशाला घर मिळून जेमतेम काही वर्षं झाली, आणि माडी बांधायची जाहिरात मात्र आधीच दारात आली.

त्याच 2025 मध्ये यूजीसीने आरोग्यविषयक अनेक पदव्या दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन देण्यावर बंदी घातली. मानसशास्त्र, पोषणशास्त्रही त्यात आलं. लांबच्या गावांतल्या, नोकरी करून शिकणाऱ्या मुलामुलींना हा निर्णय जड गेला यात शंका नाही. तरी रुग्णाला हात लावणारं शिक्षण पडद्यावरून होत नाही, या मुद्द्याला उत्तर देणं अवघड आहे.

पूर्णा तालुक्यात या पेशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायचा तर उपकेंद्रावर जावं लागेल. 2018 पासून देशभर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, 2023 च्या शेवटी त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळालं. तिथे बसतो समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे त्याला सीएचओ म्हणतात. महाराष्ट्रात यातले पुष्कळजण बीएएमएस. सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम करून आलेले. बीपी, शुगर, गरोदर बाई, ताप, रेफर, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खाणारं पोर्टल. सीएचओचं पद नवं, पण मधल्या फळीतला वैद्यकीय माणूस आपल्याकडे नवा नाही. 1946 साली भोर समितीने लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी पदविका घेतलेले डॉक्टर, तयार करणं थांबवायला सांगितलं, तेव्हा देशातल्या डॉक्टरांपैकी साठ टक्क्यांहून अधिक हेच होते. एक फळी बंद केली, आणि सत्तर वर्षांनी तीच जागा भरायला दुसरी उभी केली.

आता या सीएचओने, किंवा नांदेड-संभाजीनगरच्या एखाद्या रुग्णालयातल्या असिस्टंटने, डॉक्टरेट करायची म्हटली तर कशी? पात्रता सरळ आहे: पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने समाजशास्त्रात एम.ए. केलेलंही चालतं, आणि आरोग्याचं समाजशास्त्र हा विषय घेऊन पुढे जाता येतं. ही वाट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पूर्णेपासून सर्वात जवळ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. 1994 मध्ये स्थापन झालेलं, परभणी जिल्हा त्याच्याच कक्षेत. आरोग्यशास्त्रातलीच पीएच.डी. हवी असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आणि 240 दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा. 2022 च्या नियमावलीने प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही काढली, त्यामुळे पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांची चलती थोडी तरी कमी व्हावी.

अर्धवेळ विद्यार्थ्याला एक कागद जास्त लागतो: कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र. वरवर साधा वाटतो, पण मजकूर वाचून पाहावा. या कर्मचाऱ्याला अर्धवेळ शिकायची परवानगी आहे, त्याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळं करू, असं साहेबाने लिहून द्यायचं असतं. ज्या केंद्रावर एकच माणूस आहे तिथला साहेब हे कोणत्या तोंडाने लिहील? करारावरच्या कर्मचाऱ्याची गोष्ट तर विचारूच नका. त्याला पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची खात्री नाही, सहा वर्षांच्या संशोधनाची हमी कोण देणार? खरी अडवणूक इथे आहे.

दुसरी अडवणूक मार्गदर्शकाची. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि मग मार्गदर्शक मिळत नाही म्हणायचं, हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. प्रवेशपरीक्षा पास होऊन मार्गदर्शकासाठी उंबरे झिजवणारी मुलं मराठवाड्याला नवीन नाहीत. एडटेकवाल्यांचं दुकान चालतं ते याच रांगेच्या जोरावर.

एवढं करून डॉक्टरेट घ्यायची कशाला? नावाआधी ‘डॉ.’ लावायला, हे एक उत्तर, आणि ते लाजेने का होईना पुष्कळांच्या मनात असतं. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. दवाखान्यात त्या एका अक्षराचा अर्थ रुग्ण एकच लावतो. समाजशास्त्रात पीएच.डी. केलेल्या सीएचओने केंद्राच्या दारावर ‘डॉ.’ ठळक लिहिलं तर नियमाने तो डॉक्टरच, पण छातीत कळ घेऊन आलेल्या म्हाताऱ्याची त्यात फसगत आहे. पाटी घरी लावावी.

दुसरं उत्तर अधिक वजनाचं आहे. आरोग्याच्या क्षेत्रात माहिती गोळा करतो सहाय्यक, आणि तिचा अर्थ लावतो दुसराच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेलं काम पाहा. अक्षरओळख नसलेल्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवला, आणि हजार जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्यूदर काही वर्षांतच 25.5 वर आला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशाच्या कार्यक्रमात आलं. निबंधावर पाच लेखकांची नावं आहेत. आरोग्यदूतांना लेखक म्हणून घेण्याची रीत तेव्हा फारशी नव्हती, यात बंगांना बोल लावायचं कारण नाही. पण ज्या सहाय्यकाला संख्याशास्त्र येतं, प्रश्न मांडता येतो, निबंध लिहिता येतो, त्याचं नाव पुढच्या खेपेला यादीत घ्यावंच लागतं. डॉक्टरेट त्याला शिकवते ती नेमकी ही कामं.

हे नोकरीतूनच होतं याचा पुरावा आपल्या मराठवाड्याच्या माणसाने दिला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की घामाने अंग भिजायचं, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचं आणि माणूस जायचा. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून त्याच्या नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचू लागले. 2011 मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबतचा त्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला, आणि 2022 मध्ये पद्मश्री आली. ते डॉक्टर होते, सहाय्यक नव्हते, हा फरक आहेच. पण या सगळ्याची सुरुवात आरोग्य केंद्राच्या खाटेपाशी, सरकारी नोकरीत झाली.

पूर्णेत असे प्रश्न पडून आहेत. हे रेल्वेचं गाव. रात्रपाळी करणाऱ्या रनिंग स्टाफची झोप आणि रक्तदाब यांचा हिशेब घ्यायला नोंदी ठेवणारा माणूस हवा, बस्स. कापूस-सोयाबीनवर फवारणी करून चक्कर येऊन पडणारा मजूर आधी कुठे जातो, केंद्रावर की घरी झोपायला? सर्पदंशाचा रुग्ण किती तासांनी पोचतो? शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये आरोग्य विभागाने ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. परभणीतूनही टोळ्या जातात. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी त्या बायकांच्या हाडांचं, पाठीचं, कामाचं काय होतं, हे सांगू शकेल ती त्यांना गावात दर महिन्याला भेटणारी सीएचओच.

एक अडचण मात्र आधीच ध्यानात घ्यावी. केंद्रातलं रजिस्टर हे सहाय्यकाचं खासगी वहीखातं नव्हे. त्यातल्या नोंदी प्रबंधात वापरायच्या तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी, नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि, समितीने सूट दिली नसेल तर, रुग्णाची संमती, हे सगळं काम सुरू होण्याआधी लागतं. नंतर घेतलेली मंजुरी धरत नाहीत. अशी समिती वैद्यकीय महाविद्यालयात असते. पूर्णेहून विष्णुपुरीचं नांदेडचं महाविद्यालय एका बाजूला, आणि 2023 मध्ये सुरू झालेलं परभणीचं दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे रेल्वेने जाता येतं. तिथल्या जनऔषधवैद्यक विभागात, पीएसएम म्हणतात त्याला, एखादा सहायक प्राध्यापक चार विद्यार्थ्यांपैकी एक जागा रिकामी ठेवून बसलेला असू शकतो, आणि गावात रोज जाणारा, नोंदी ठेवणारा विद्यार्थी त्यालाही हवाच असतो. त्याच्याकडे जाताना सोबत प्रमाणपत्रांची फाईल नसली तरी चालेल, दोन पानांत लिहिलेला प्रश्न मात्र हवा.