प्रकल्पावरचा माणूस आणि त्याचा छंद
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आमचे आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामांवर गेले. तेव्हा प्रकल्प चालविणाऱ्या माणसाचे काम आणि त्याचा विरंगुळा हाच विषय आम्ही घेतला आहे. आज सत्कार झालेल्या मुलामुलींपैकी कित्येक जण उद्या धरणावर, रस्त्यावर, वीजकेंद्रात किंवा संगणकाच्या कंपनीत याच जागी बसणार आहेत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा वाहते. तरीही दोन नद्यांमधील पुष्कळशी शेती पावसाच्या तोंडाकडे पाहत असते. म्हणूनच पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगाव तालुक्यात बेंबळा आणि खुद्द पैनगंगेवर इसापूर अशी धरणे उभी राहिली. इसापूरचे पाणी उमरखेडप्रमाणेच हिंगोली-नांदेडच्या शिवारांतही पोहोचते. नकाशावर ही निळी ठिपकी सुबक दिसतात. त्यांच्यामागे कोणाची तरी किती वर्षे खर्ची पडली, ते नकाशा सांगत नाही.

प्रकल्पप्रमुखास तीन हिशेब सांभाळावे लागतात. पहिला काळाचा. मातीच्या धरणाचे काम पावसाळा सरल्यावर सुरू होते. पायातला खंदक, मधला चिकणमातीचा गाभा, मग थरावर थर. प्रत्येक थराचा ओलावा तपासून त्यावर रोलर फिरवायचा. शेवटी घळभरणी, म्हणजे नदीसाठी मोकळी ठेवलेली वाट बंद करणे. ते काम एकदा हाती घेतले की मृगाच्या पावसापूर्वी सुरक्षित उंचीपर्यंत गेलेच पाहिजे. पूर कोणाची सबब ऐकत नाही. दुसरा हिशेब पैशाचा. त्याविषयी आपणांस निराळे सांगावयास नको. तिसरा हिशेब माणसांचा, आणि तोच सर्वांत जड. ज्याचे शेत भिजणार तो एका गावात असतो आणि ज्याचे शेत बुडणार तो दुसऱ्या. दोघांनाही उत्तर द्यावयाचे ते एकाच माणसाने.

हे ओझे कामावरच ठेवून घरी येता येत नाही. वसाहतीतील दोन खोल्यांत तेच बोलणे, तीच चिडचिड. बदलीमागून बदली झाली की मुलांच्या शाळा बदलतात आणि नवा संसार मांडण्याचे काम घरातील बाईच्या वाट्यास येते. पुढे निवृत्तीचा दिवस उजाडतो आणि ज्याने शेकडो माणसांना कामे वाटून दिली, त्यास स्वतःचा दिवस कसा काढावा हे उमगत नाही. असे मोठमोठे कर्ते पुरुष दोन वर्षांत खचलेले आम्ही पाहिले आहेत.

म्हणून छंद ही चैन नव्हे, असे आमचे मत आहे. थोरांचा दाखला घ्या. सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० ते १९९८ या काळात डोंगर फोडून पुरी झाली. एवढे काम शिरावर घेणारा हा गृहस्थ कचेरीतून वेळेवर घरी जाण्याबद्दल आणि गीतेच्या नित्य वाचनाबद्दल ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रातील डॉ. माधवराव चितळे यांस पाण्याच्या क्षेत्रातील कार्याबद्दल १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्याच चितळ्यांनी वाल्मीकिरामायणावर व्याख्यानेही दिली. या व्यासंगामुळे त्यांची कामे अडली असे कोणी म्हणणार नाही.

आमचा छंद याहून फार लहान. बुडिताच्या गावांतून हिंडताना आम्ही वावरांची नावे एका वहीत टिपू लागलो. सरकारी कागदावर शेतास गट क्रमांक असतो. गावात मात्र ते चिंचेचे वावर असते, नाल्याकाठचे असते, आजीने माहेराहून आणलेल्या पैशातून घेतलेले असते. मोबदल्याच्या गोष्टीस तोंड न उघडणारी माणसे नावाची गोष्ट निघाली की ओट्यावर बसवून घेत. एका म्हाताऱ्याने विचारले, "साहेब, हे नाव तुमच्या नोटिशीत येईल का?" नोटिशीत ते येत नव्हते, वहीत आले. त्याचे वावर त्यामुळे वाचले नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु पुनर्वसनाच्या बैठकीत बसताना आमच्यासमोर केवळ आकड्यांची यादी उरली नाही, आणि रात्री घरी आम्ही तक्रारींऐवजी गोष्टी घेऊन जाऊ लागलो. आमच्या मुलांना आजही त्यांतील कित्येक नावे पाठ आहेत.

तेव्हा समाजातील कुटुंबांस आमची तीन मागणी आहेत. स्थळ पाहताना मुलाचा पगार विचाराल तसेच, कामावरून सुटल्यावर तो काय करतो, हेही विचारा. मुलगी अभियंता झाली असेल तर तिच्या रिकाम्या तासावर घरकामाचा बोजा टाकू नका. तो तास तिचा आहे. आणि मंडळाने पुढील वर्षापासून गुणांच्या बक्षिसांबरोबर एक बक्षीस छंदासाठी ठेवावे. मग ते तबल्यास असो, पक्षिनिरीक्षणास असो वा जुन्या ओव्यांच्या संग्रहास असो.

तरुण मित्रांनो, धरण पुरे झाले की त्यावर दुसरा अधिकारी येतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या मनाचे शिवार मात्र दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता येत नाही. त्याची मशागत नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच करा.