पाहुण्यांसाठीचे माहितीपत्रक : कोठे ठेवावे, कसे ठेवावे

(शेतकरी बांधवांच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



बियाणे, खते, फवारणी हे आपल्या कार्यक्रमाचे नेहमीचे विषय. आज मात्र कागदाविषयी बोलायचे आहे. आपल्या जालना जिल्ह्यात आता बरेच जण हुरडा खायला, मोसंबीची किंवा द्राक्षाची बाग पाहायला शहरातल्या पाहुण्यांना शेतावर बोलावतात. त्यासाठी माहितीपत्रके छापतात आणि देवस्थानात, बसस्थानकावर, माहिती केंद्रात नेऊन ठेवतात. छापायला पैसे लागतात हे सगळ्यांना कळते. ठेवायला काही नियम असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एका मोसंबीवाल्याची हकिकत सांगतो. गावाचे नाव घेत नाही, तुम्हीही विचारू नका. त्याची बाग चांगली होती. त्याने पाचशे पत्रके छापली आणि पर्यटकांच्या येण्याजाण्याच्या एका केंद्रावर गठ्ठा नेऊन ठेवला. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. त्या साली जिल्ह्यात मोसंबीच्या किती बागा वाळल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याचीही बाग गेली. त्याने झाडे काढून कपाशी लावली. पत्रकांचा गठ्ठा मात्र केंद्राच्या मांडणीत तसाच राहिला. दोन वर्षांनी भर दुपारी एक कुटुंब गाडी करून त्याच्या वावरात येऊन उभे राहिले. बरोबर म्हातारी आई, दोन लेकरे. हातात पत्रक, पत्रकावर लगडलेल्या मोसंबीचे चित्र, आणि समोर कपाशी! पत्रकावरचा फोन नंबरही बंद झालेला. घरधनी परगावी गेलेला. घरातल्या माउलीने पिठलं-भाकरी करून घातली, पैसे घेतले नाहीत. पण पाहुणे जाताना केंद्रावर तक्रार लिहून गेले. केंद्रावरच्या माणसाने काय करावे? त्याने त्या भागातल्या शेतकऱ्यांची होती नव्हती तेवढी सगळी पत्रके मांडणीतून काढून टाकली. म्हणजे जुना कागद एकाचा, आणि वाट बंद झाली चौघांच्या बागेची. त्या चौघांत एकीची हुरड्याची जागा होती. तिचा तो हंगाम सुना गेला.

म्हणून आजचा विषय.

आपल्याकडे आता माणसांची ये-जा वाढली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये रस्ता मुंबईच्या अंगाला पुरा झाला. तो आपल्या बदनापूर व जालना तालुक्यांतून जातो. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, ती पुढे नांदेडपर्यंत नेली. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी असते, अंगारकीला तर विचारूच नका. जांब समर्थला रामदास स्वामींचे जन्मस्थान पाहायला लोक येतात. अंबडला मत्स्योदरी आहे. कडवंचीला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात झालेले काम, शेततळी आणि द्राक्षबागा पाहायला बाहेरगावच्या शेतकऱ्यांच्या सहली येतात. ही सगळी माणसे कुठे ना कुठे दहा मिनिटे थांबतात, आणि त्या दहा मिनिटांत पत्रक त्यांच्या हाती पडते.

पहिली गोष्ट परवानगीची. जागा सार्वजनिक आहे म्हणजे ती आपली आहे असे समजू नका. देवस्थान असेल तर विश्वस्तांकडे, बसस्थानक असेल तर आगार व्यवस्थापकाकडे, कृषी विज्ञान केंद्र असेल तर प्रमुखांकडे लेखी अर्ज करा. अर्जाला पत्रकाची एक प्रत जोडा. किती प्रती ठेवणार, किती दिवस ठेवणार, संपल्यावर कोण आणून देणार आणि उरलेल्या कोण परत नेणार हे लिहा. बसस्थानकावर जाहिरातीचे हक्क कधी कधी ठेकेदाराकडे असतात, तेही विचारून घ्या. “साहेब ओळखीचे आहेत, ते नाही म्हणायचे नाहीत,” यावर राहू नका. साहेबांची बदली होते, कागद राहतो.

भिंतीवर चिकटवण्याचा तर मोहच नको. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोराने रात्री खळ घेऊन जाऊन चिकटवले, मला माहीत नव्हते, असे सांगून सुटका होईलच असे नाही. रेल्वेच्या हद्दीतही सांभाळून. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४४ प्रमाणे परवान्याशिवाय गाडीत किंवा फलाटावर गिऱ्हाईक गोळा करीत फिरणे हा गुन्हा आहे. फलाटावर पत्रके वाटत हिंडू नका. स्थानकात काही ठेवायचे असेल तर स्टेशन अधीक्षकांना विचारा, ते पुढचा रस्ता दाखवतील.

आणि भोकरदन, जाफराबादकडच्या मंडळींना वेगळे सांगतो, कारण अजिंठा तुम्हाला जवळ. लेण्यांच्या आवारात, खांबावर, कठड्यावर कागद लावणे सोडाच, तसा विचारही करू नका. संरक्षित स्मारकाला इजा करणे किंवा ते विद्रूप करणे यासाठी १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पर्यटकांच्या गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात. तिथल्या हॉटेलवाल्यांना, दुकानदारांना विचारून त्यांच्या गल्ल्याजवळ ठेवता आले तर बघा.

आता पत्रकात काय असावे. माझ्या मते चित्रे कमी आणि खरी असावीत. बाग आपली असेल तर चित्र आपल्याच बागेचे घ्या. छापखान्यात तयार असलेले परदेशी संत्र्याचे गुळगुळीत चित्र घेऊन खाली ‘आमची मोसंबी’ लिहिणारे मी पाहिले आहेत. असे करू नये. गाव, तालुका, मुख्य रस्त्यावरून कोणत्या फाट्याला वळायचे, फाट्यापासून किती किलोमीटर, पावसाळ्यात मोठी गाडी आतपर्यंत येते का, हे साध्या शब्दांत लिहा. माणशी किती पैसे, त्यात जेवण धरले आहे का, लेकरांना किती, हे लिहा. दारात आल्यावर पैशाची घासाघीस झाली की पाहुण्याचे तोंड कडू होते. संडास, पिण्याचे पाणी आणि सावली आहे का, हेही लिहा. शहरातली बाई यायचे की नाही ते यावरच ठरवते.

सर्वांत महत्त्वाचा तो महिना. शेतावरची प्रत्येक गोष्ट बारमाही नसते. हुरडा जेमतेम दोन महिन्यांचा, मार्गशीर्ष-पौषातला. आंबे बहाराची मोसंबी पावसाळा सरता सरता, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. बाग ताणावर सोडलेली असताना पाहुणा आला तर त्याला पिवळी पाने दिसतील आणि बाग मेली असे वाटेल. तेव्हा ‘अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत’ असे ठळक छापा, आणि खाली ‘येण्याआधी फोन करावा’ ही ओळ हवीच. द्राक्षवाल्यांना तर ती फारच जरूर आहे. फवारणी झालेल्या बागेत लेकरांना घड तोडू देता येत नाही. औषधाच्या डब्यावर तोडणीआधी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते, तेवढे दिवस पाहुण्याला फोनवरच थांबवता आले पाहिजे.

‘शासनमान्य’ हा शब्द जपून वापरा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यात निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणी झाली असेल तर तिचा क्रमांक छापा, झाली नसेल तर तो शब्द गाळा. तसेच जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्याचे चिन्ह पत्रकावर छापायला आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले असावे लागते. शेजाऱ्याने छापले म्हणून आपण छापू नये.

आकाराचे काय? परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हमरस्त्यांवरच्या स्वागत केंद्रांत चार इंच रुंद व नऊ इंच उंच अशा पत्रकांची चाल आहे, आणि तिथल्या मांडणीचे खणही त्या मापाचे असतात. आपल्याकडेही छापखानेवाले ए-फोर कागदाच्या तीन घड्या करून जवळपास त्याच मापाचे पत्रक देतात. ते उभे राहते आणि खिशात मावते. नाव मात्र वरच्या तिसऱ्या भागात घ्या, कारण खणातून तेवढेच दिसते. मोठ्या घडीचे, चकचकीत, जाड पत्रक खणात वाकते आणि शेजारच्याचे झाकते. मग केंद्रावरचा माणूस ते उचलून टेबलाखाली टाकतो. त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

एका वेळी पंचवीस-तीस प्रती पुरे. पाचशेचा गठ्ठा ठेवायचा नाही. थोड्या ठेवल्या की पुन्हा द्यायला जावे लागते, गेले की किती उचलल्या गेल्या ते कळते, आणि जुन्या झालेल्या हाती लागतात. पत्रकाच्या मागे कोपऱ्यात ‘छपाई : महिना, साल’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ एवढे छापाच. क्यूआर कोड असला तरी तारीख पाहिजे. फोनची रेंज नसलेल्या शिवारात पाहुण्याला कागदच वाचावा लागतो. दर बदलला तर जुन्यावर पेनाने खाडाखोड करून ठेवू नका, ती प्रत परत आणा.

दुसऱ्याच्या पत्रकावर आपले ठेवणे, दुसऱ्याचे मागे सरकवणे, हे प्रकार घडतात. लहान गोष्ट वाटते, पण त्यावरून गावात अबोला झालेला मला माहीत आहे. केंद्र चालवणाऱ्याने एका शेताला एक खण द्यावा, मग तो सरपंचाचा असो की भूमिहीन बाईच्या बचतगटाचा. खण कमी असतील तर हंगामाप्रमाणे पाळी लावावी. हुरडा संपला की हुरड्याचे काढावे, द्राक्षाचे पुढे आणावे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असलेले पत्रक सरकारी केंद्रात घेऊ नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की मंत्र्याचा फोटो असलेला कागद उचलावाच लागतो, मग एवढी छपाई वाया घालवायची कशाला? आपल्या पत्रकावर आपल्या बैलजोडीचा फोटो बरा.

आणखी एक सुचवतो, पटले तर करा. पत्रकाच्या मागच्या पानावर चार ओळी आपल्या गावाच्या जवळच्या जागेविषयी लिहा. भोकरदनकडे शेत असेल तर लिहा की हे सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन, इथे उत्खनन झाले आणि प्राचीन वस्तीच्या खुणा सापडल्या. घनसावंगीकडे असेल तर जांबविषयी लिहा. अशा पत्रकाला केंद्रावरचा माणूस आपण होऊन पुढचा खण देतो, कारण पाहुणा त्याला तेच विचारत असतो.

ज्या मोसंबीवाल्याची हकिकत सांगितली, त्याने पुढे काय केले तेही सांगून टाकतो. त्याने शेततळे घेतले आणि थोड्या झाडांची नवी बाग लावली. केंद्रावर तो स्वतः गेला, तक्रारीच्या वहीतली नोंद वाचून घेतली, आणि त्याच्यामुळे ज्यांची पत्रके निघाली होती त्या सगळ्यांची नवी पत्रके स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेला. केंद्रावाल्याने त्याला एका अटीवर खण दिला : दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन मांडणी तपासायची, आपलीही आणि इतरांचीही. तो अजून जातो. जाताना बाजारही करून येतो.