पापण्यांचं औषध आणि बाईचा विचारण्याचा हक्क

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)

शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे 'पापण्या वाढवण्याची औषधं आणि त्वचेचे त्रास' असा विषय वाचून काही जणी हसल्या. रेशन, दारू, टाकलेल्या बायकांचे प्रश्न सोडून ही पापण्यांवर काय बोलणार, असं वाटलं असेल. दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच असते. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगते.

जळगाव तालुक्यातल्या एका गावातून चोवीस वर्षांची एक मुलगी आमच्या सल्ला केंद्रात आली. ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि साखरपुड्यात दिलेल्या वस्तू मुलाकडचे परत करत नव्हते, ही तिची तक्रार. बोलताना ती सारखी ओढणी डोळ्यांपर्यंत नेत होती. ओढणी सरकली तेव्हा दिसलं, दोन्ही डोळ्यांच्या वरची कातडी काळपट पडलेली, कडा लाल. आपलं काम असं, की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणी हात उचलला का गं?" ती म्हणाली, "नाही ताई. मीच औषध लावलं."

बहिणीच्या लग्नात पापण्यांचे केस दाट दिसावेत म्हणून तिने थेंबाचं औषध आणलं होतं. केस खरंच वाढले. पण काही आठवड्यांत वरची कातडी काळी पडायला लागली. साखरपुड्यानंतर सासरकडची एक बाई चारचौघांत म्हणाली, "तुना डोया काबर काया पडी ग्यात वं?" मग मुलीला काही आजार आहे अशी कुजबुज, आणि मग नकार.

हे ऐकून मी काय म्हणाले असेन? "असलं लावायचंच कशाला?" ती गप्प झाली आणि उठून गेली. तिला पुन्हा बोलतं करायला दोन भेटी गेल्या. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवतात, समोरच्या बाईला आरोपीसारखं विचारू नका. मी नेमकं तेच केलं. आजचं हे बोलणं त्या चुकीतून आलं आहे.

तिसऱ्या भेटीत तिने ती बाटली आणली. मी ती डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांच्याकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते. आपण मराठीत डोळ्यावरच्या कातडीलाही पापणी म्हणतो आणि केसांनाही. गोंधळ नको म्हणून मी 'कातडी' आणि 'केस' असे वेगळे शब्द वापरते.

औषधाचं नाव बायमॅटोप्रॉस्ट. हे मुळात काचबिंदूचं औषध. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते, तो दाब कमी करायला हे थेंब देतात. ते घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्यांचे केस लांब, दाट आणि काळे होताना दिसले. आपल्या प्रत्येक केसाचा वाढीचा एक काळ असतो, नंतर तो थांबतो आणि गळतो. हे औषध तो वाढीचा काळ लांबवतं. म्हणजे दुष्परिणाम होता, त्याचाच माल झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2008 मध्ये पापण्यांचे केस विरळ असणाऱ्यांसाठी त्याला मान्यता दिली. परिणाम पुरता दिसायला सुमारे 16 आठवडे लागतात. थांबवलं की केस हळूहळू पूर्वीसारखे होतात. म्हणजे केस टिकवायचे तर थेंब चालूच ठेवायचे.

आता त्रास. डोळे खाजणं, लाल होणं, कातडीची आग होणं. डोळ्याभोवतीची कातडी काळी पडणं, कारण हे औषध कातडीतला रंग वाढवतं. थेंब ओघळून गालावर गेला तर तिथेही लव वाढू शकते. डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेलेले दिसू शकतात. बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो. यातलं काय भरून येतं? कातडीचा काळेपणा औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतो, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. बुबुळाचा बदललेला रंग मात्र बहुधा कायमचा. आपली बुबुळं आधीच गडद, म्हणून तो चटकन लक्षातही येत नाही.

हे त्रास सगळ्यांना होतात असं नाही. अमेरिकेतल्या मान्यतेच्या चाचणीत खाज, लाली, कातडी काळी पडणं यांचं प्रमाण शंभरात तीन-चारच्या आसपास होतं. घाबरवायला मी उभी नाही. पण ज्या तिघी-चौघींच्या वाट्याला हे येतं, त्यांना कुठल्या समाजात राहायचं आहे, तेही बघा. आपल्याकडे मुलगी बघायला आलेले लोक आधी रंग बघतात. इथे डोळ्यावरचा काळा डाग हा नुसता त्वचेचा प्रश्न राहत नाही. औषधासोबतच्या कागदावर जो 'किरकोळ दुष्परिणाम' असतो, त्याने आमच्या मुलीचं लग्न मोडलं.

पुढचा धोका याहून मोठा आहे. डाग लपवण्यासाठी बाई दुसरं काहीतरी आणते. या मुलीला एका औषध दुकानातून खाजेसाठी मलम मिळालं, ते स्टेरॉइडचं होतं. सल्ल्याशिवाय असं मलम बराच काळ डोळ्याजवळ लावलं तर कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. दाब कमी करणाऱ्या औषधाच्या त्रासावर दाब वाढवू शकणारं मलम! स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये केला. तो गावात कितपत पोचला, हे तुम्हीच मला सांगा.

दुसरी वाट गोरं करणाऱ्या क्रीमची. भुसावळहून रेल्वेने गेलं तर अकोला काही फार लांब नाही. तिथे एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्या तिघी वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रांत आलं. डोळ्यावरचा डाग घालवायला निघालेली बाई कुठे जाऊन पोचू शकते, ते यावरून कळेल.

आता धुळ्याची गोष्ट. बचत गटाच्या कर्जातून पार्लर काढलेली एक बाई मला भेटली. नवरा आजारी, दोन मुलं शिकणारी. ती गिऱ्हाइकांना हेच थेंब लावत होती, एकाच बाटलीतून आणि एकाच ब्रशने. हे औषध चिठ्ठीवरचं आहे, प्रत्येक डोळ्याला वेगळा निर्जंतुक ब्रश लागतो, ते फक्त वरच्या केसांच्या मुळाशी लावून जास्तीचं लगेच टिपायचं असतं, यातलं काहीच तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकीच्या डोळ्यातला जंतू दुसरीला जाऊ शकतो हे ऐकून ती हादरली. कृत्रिम केस चिकटवायच्या डिंकाचंही तसंच. त्यातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी येऊन कातडी सुजते, आणि वाफ रोज तिच्याच नाकात जाते. या बाईला आपण गुन्हेगार ठरवायचं का? मला नाही वाटत. माहिती तिच्यापर्यंतही पोचलेली नाही. तिला दोन दिवसांचं नीट प्रशिक्षण मिळालं तर ती शंभर बायकांना सावध करेल.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 1980 च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना धोके सांगितले गेले नाहीत, म्हणून हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि दिल्लीच्या सहेलीसारख्या गटांनी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेव्हाचं म्हणणं साधं होतं. माझ्या शरीरात काय जाणार आहे ते मला माझ्या भाषेत आधी सांगा. तिथे सरकार होतं, इथे बाजार आहे. हक्क तोच आहे. आमच्या मुलीच्या बाटलीसोबतचा कागद इंग्रजीत होता, आणि अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावावा लागला.

काही जणी म्हणतील, सुंदर दिसायचा हट्टच सोडा ना. त्या हट्टामागे कोण आहे यावर आपण जरूर बोलू. पण ते बोलणं त्रासात असलेल्या मुलीच्या तोंडावर फेकू नका. मी फेकलं आणि ती उठून गेली.

आता आपापल्या गावात काय करायचं, ते सांगते.

एक, डोळ्याभोवती काळेपणा दिसला तर मारहाणीबद्दल विचारा, आणि "काय लावत होतीस?" हेही न रागावता विचारा.

दोन, सौंदर्यासाठी लावत असेल तर थांबवायला सांगा आणि बाटलीसकट डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावूच नये.

तीन, हे नीट ऐका. घरातल्या सासूबाई किंवा आजी काचबिंदूसाठी हेच थेंब घालत असतील, तर भीतीने ते बंद करू नका. तिथे प्रश्न नजरेचा आहे. कातडी काळी पडली तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलू शकतात.

चार, औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते. 1800-180-3024 हा त्यासाठीचा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. चिठ्ठीशिवाय औषध विकलं जात असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. बिल, बाटली आणि खोकं जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

पाच, पार्लरवाल्या बायकांना आपल्या बैठकांना बोलवा.

त्या मुलीचं शेवटी काय झालं, हे विचारणारच तुम्ही. वस्तू परत मिळाल्या, चार हेलपाट्यांनंतर. थेंब बंद केल्यावर काळेपणा बराच उतरला, पूर्ण गेलेला नाही. लग्नाचं तिने सध्या बाजूला ठेवलंय, बी.एड.ला प्रवेश घेतलाय. बाटलीसोबतच्या त्या कागदाचं मराठी तिने आणि मी मिळून केलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं. त्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने दोन घ्या. एक स्वतःसाठी आणि एक गावातल्या पार्लरसाठी.