गृहमातेचा वाटा



आपण पूर्णा जंक्शनच्या बायका. फलाटावर एकटे भटकणारे पोर आपल्याला नवे नाही. अशा पोरांना पुढे सांभाळते कोण, त्याविषयी दोन शब्द बोलते.

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे विधवा व मुली आणल्या. मुलींची लहान लहान कुटुंबे करून प्रत्येक कुटुंबावर एक गृहमाता ठेवायची, अशी तेथली रीत.

आपण अनाथ मुलांना काय देतो? वह्या, फ्रॉक, वाढदिवसाचे पेढे. फोटोही निघतो. पण तापलेल्या पोरीच्या उशाशी रात्रभर बसते कोण? ओले अंथरूण न रागावता बदलते कोण? उवा काढायच्या, पहिल्या पाळीची भीती घालवायची, हे पेढ्यांनी होत नाही. पगार पुरला नाही की ती बाई सोडून जाते, आणि त्या पोरीची आई दुसऱ्यांदा जाते.

रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनच्या लोकांनी मंडळी स्थापून खर्चाचे वचन दिले, तेही दहा वर्षांचे!

संस्था ख्रिस्ती आहे, हे कोणाला खटकेल. त्यांनी दुसऱ्या बालगृहातल्या गृहमातेसाठी द्यावे. माझी ना नाही.

तर यंदा हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च निम्मा करावा आणि एका गृहमातेच्या पगारातला वाटा निदान तीन वर्षे उचलावा. आधी पत्र लिहून संस्थेची रीत विचारू. कबूल असणाऱ्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.