निर्माल्य आणि माती



शेजारच्या इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते तीनदा परतून, सुमारे ९० दिवसांत उत्तम खत सिद्ध केले. १९३१ साली उभयतांचा ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. मातीचे मातीस परत द्यावे, हे तिचे सार.

निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आपण ते क्षिप्रेत सोडतो. भाव शुद्ध, परंतु तेथे ते कुजून पाणी नासवते. तेच झाकल्या खड्ड्यात ठेवल्यास पायदळीही येत नाही आणि शेतात अन्नरूपाने उगवते. देवस्थानाच्या आवारात असा एक खड्डा व्हावा, एवढी प्रार्थना.