गाढीचे पाणी



मी सातवी शिकलेली. भाषण येत नाही, पाहिले ते सांगते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे माथेरानच्या डोंगराचे पाणी आमच्या गाढी नदीत उतरले. मी तेव्हा नवी सून. सासूबाई भाताची कणगी सोडीनात. “पाणी उंबऱ्याला कधी लागले नाही,” म्हणाल्या. बघता बघता कमरेपर्यंत आले! मी उलट बोलले (सुनेने बोलू नये, ठाऊक आहे), हात धरून ओढले, शेजारच्या उंच जोत्याच्या घरी नेले. कणगीतल्या भाताला मोड आले. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मात्र नदी वाढताच पिशवी भरून त्याच आधी दारात उभ्या!