पदवीच्या पुढची ओळख
(वसतिगृहाच्या मदतगारांच्या सभेत केलेले भाषण)



मी नाशिकला अंबड एमआयडीसीत बावीस वर्षं क्वालिटी विभागात काम करतो. भाषण करायची सवय नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. सुरगाणा-पेठकडची आपली मुलं आज पदवीच्या, इंजिनिअरिंगच्या वर्गात आहेत. फी, पुस्तकं, जेवण तुम्ही सांभाळलंत. आता त्यांना जे लागणार आहे ते देणगीतून विकत मिळत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, ही खबर दिली कुणी? बहुतेकांच्या बाबतीत तो जिवलग मित्र नव्हता, अधूनमधून भेटणारा परिचित होता. जवळच्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं ना! पाड्यावर माया कमी नाही, एकाच्या अडचणीला दहाजण धावतात. पण त्या दहांपैकी एकानंही कारखान्याचं ऑफिस आतून पाहिलेलं नसतं. शहरातल्या मुलाला एखादा मामा असतो, शेजारचे काका असतात. आपण त्याला वशिला म्हणतो. पुष्कळदा ती नुसती माहिती असते.

शिकाऊ उमेदवारीचंच घ्या. कायदा १९६१चा, आणि १९७३च्या दुरुस्तीनंतर त्यात पदवी-पदविकाधारक अभियंतेही आले. विद्यावेतन मिळतं, वर पदरात अनुभव पडतो. आपली एक मुलगी इंजिनिअर झाली आणि आईबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या विरळणीला गेली. उमेदवारीसाठी नाव नोंदवावं लागतं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. आता नोंदवलंय. पण तोवर एक हंगाम गेला.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी वसतिगृहावर जातो. मायक्रोमीटर, व्हर्नियर घेऊन जातो. मुलांना सूत्र पाठ असतं, पण कॉलेजात एका उपकरणाभोवती आठजण. हातात कधी येणार? मुलाखतीत नेमकं तेच पुढ्यात ठेवतात. एकानं विचारलं, "सर, बायोडेटात द्राक्षबागेचं काम लिहू की लपवू?" मी म्हटलं, निर्यातीचा मणी मोजायला कडी लावतोस ना? आमच्याकडे गेज लावतात, तत्त्व तेच. लिही. त्यानं लिहिलं, आणि मुलाखतीत त्यावरच दहा मिनिटं बोलला. नोकरी लागली का? अजून नाही. दुसऱ्या फेरीला बोलावलंय.

तर मागणं एवढंच आहे. महिन्यातून दोन तास द्या. नोकरीचं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नसतं. मुलांकडून गरिबीच्या कहाण्या वदवून घेऊ नका, आणि फोन आला तर उचला; त्यांनी तो करायला दोन दिवस धीर गोळा केलेला असतो. साहेबच हवा असं नाही. स्टोअर सांभाळणारा, बँकेत काउंटरवर बसणारी, लॅब टेक्निशियन, सगळे चालतील. आपण निवृत्त झालो, आपलं काय काम, असं म्हणणाऱ्यांनी तर आधी यावं. वेळ त्यांच्याकडेच आहे.

नावं दाराजवळच्या वहीत लिहा, सोबत कामाचं क्षेत्र लिहा. सध्या बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला दोन मुली आहेत. औषधाच्या कारखान्यात काम केलेलं कुणी इथे बसलं असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा.